मांजरपाटावरचा ख्रिस्त

बुधवार, १८ फेब्रुवारी १९५३

आज भस्म बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. उपासना सुटल्यावर हेमचंद्र मास्तरांनी मला आवारातल्या लिंबाखाली थांबवले. ते मिशनच्या शाळेचे हेडमास्तर आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांमधले मुख्य. पाचवीपर्यंत मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. वडील वारल्यावर शाळा सुटली, पण मास्तर समोर आले की अजून माझे हात आपोआप पाठीमागे जातात.

ते म्हणाले, "शांतवन, उत्तम शुक्रवारी वेदीमागे वधस्तंभाचं जे चित्र लागायचं, ते मिशनच्या मडम मायदेशी जाताना घेऊन गेल्या. तू पेंटर आहेस. नवं काढून दे."

मी म्हणालो, "मास्तर, मी अक्षरं काढतो. माणसं नाही काढत."

"अक्षरांनाही हात-पाय असतातच की," असे म्हणून त्यांनी पिशवीतून एका कॅलेंडरचे पान काढून दिले. त्यावर तळहाताएवढा ख्रिस्त आहे. तो सहा फूट उंच करायचा. मुदत सव्वासहा आठवडे.

मी नाही म्हणालो नाही. दुकानाच्या पाटीवर एखादी वेलांटी चुकली तर पुसता येते. देव चुकला तर काय करायचे?

शुक्रवार, २० फेब्रुवारी

कॅलेंडरवर पेन्सिलने चौकडी आखली, तशीच मोठी चौकडी मांजरपाटावर आखली, आणि एकेक चौकोन उतरवायला बसलो. चेहरा बरा आला. गोरा, रेखीव, दाढी विंचरलेली. पण गळ्याखाली सगळे बिघडले. हात खांद्यात अडकवल्यासारखे दिसतात आणि छाती रिकाम्या पोत्यासारखी. छापील चित्र इतके लहान आहे की लोंबकळणाऱ्या माणसाच्या अंगात काय होते, ते त्यात कळत नाही.

आई बघून म्हणाली, "ह्यो तर वल्हणीवर वाळत घातलाय."

मंगळवार, २४ फेब्रुवारी

शहागंजात उस्तादांकडे गेलो. जायला मन धजत नव्हते, कारण उस्तादांना क्षय झाला आहे. सरकारी डॉक्टरांनी इंजेक्शने लिहून दिली आहेत आणि दवाखान्यात खाट रिकामी होईल तेव्हा या, असे सांगितले आहे. मी खोलीत दाराजवळ बसलो, त्यांच्यापासून चार हात. वारा कुठल्या बाजूने येतो ते आधी पाहिले.

फकिरा उस्तादांनी मला कुंचला धरायला शिकवले. ते मिशनच्या अनाथालयात वाढले. निजामाच्या काळात कचेऱ्यांवरच्या उर्दू पाट्या तेच रंगवत. त्यांचे उर्दू अक्षर असे की न वाचता येणारेही बघत उभे राहत. पोलीस ॲक्शननंतर पाट्या मराठी झाल्या. मराठीत त्यांचा हात तेवढा चालत नाही आणि शुद्धलेखन तर अजिबात नाही. त्यांचे काम गेले आणि माझे वाढले. याबद्दल त्यांनी मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. मला मात्र ते रोज आठवते.

त्यांच्यासोबत सरूमावशी राहते. ती पिशोरकडची, विधवा. त्यांचे लग्न झालेले नाही.

उस्तादांनी कॅलेंडर डोळ्यांजवळ नेले आणि हसायला लागले. हसताना खोकला आला. मी दाराबाहेर पाय टाकून तयार होतो.

"शांत्या, ह्या माणसाला कुणी टांगलेलं नाय रे. जेवण झाल्यावर आळस देऊ लागलाय ह्यो."

"मग टांगलेला माणूस कसा दिसतो, उस्ताद?"

त्यांनी सदरा वर केला. "असा. बघ. बरगड्या मोजून घे, परत म्हणशील हिशेब चुकला."

सरूमावशी चुलीपासून ओरडली, "लाज हाय का काही? पोराला हाडं दाखवायलेत!"

"अगं, फुकट चाललीत. कामाला लावतो."

घरी येऊन मिठाच्या पाण्याने आठ वेळा गुळण्या केल्या.

मंगळवार, ३ मार्च

आजपासून तिथेच काम सुरू केले. नवा मांजरपाट चौकटीवर ताणला, सरस लावला, सफेद्याचे दोन हात दिले. रंगाच्या वासाने रोगाचे जंतू मरतात, असे मी कुठेतरी ऐकले आहे. खरे असावे.

अडचण हातांची होती. उस्तादांना हात वर धरवत नाहीत. भिंतीत पाट्या टांगायच्या दोन खुंट्या आहेत. त्यांनी स्वतःच दोन नाड्या बांधल्या, मनगटे त्यांत अडकवली आणि उभे राहिले. अंगाचा सगळा भार हातांवर आला तशी छाती वर ओढली गेली आणि पोट आत गेले. मला एकदम कळले की वधस्तंभावरच्या माणसाला श्वास घ्यायचा असेल तर पायांवर उठावे लागेल. कॅलेंडर काढणाऱ्याला हे माहीत नव्हते.

सरूमावशी पिठाचे हात तसेच घेऊन आली. "मरायला टेकलेल्या माणसाला टांगता व्हय रे? खाली घे त्यांला!"

"टांगलं नाय, मी उभा हाय," उस्ताद म्हणाले. "तू तुझी भाकर थाप. एक भाकर भाजून व्हईपर्यंत उभा राहतो. मग सोड."

तसे ठरले. भाकरी तव्यावर पडली की मी सुरू करायचे आणि ती टोपल्यात पडली की थांबायचे. आज तीन भाकऱ्या झाल्या. मी तीन हात अंतरावर होतो, कारण चारवरून नीट दिसत नाही.

शनिवार, ७ मार्च

एक गोष्ट लिहून ठेवतो. लिहायला भीती वाटते, पण वहीत खोटे लिहायचे नाही असे मी ठरवले आहे.

आज डाव्या बगलेखालची सावली मला नीट सापडत नव्हती. तिथे अजून थोडे मांस आहे. तेव्हा मनात आले, अजून आठ दिवसांनी ते उतरेल, तेव्हा काढू.

मी कुंचला खाली ठेवला. उस्तादांनी विचारले, "कामून थांबलास? भाकर तव्यावरच हाय."

मी म्हणालो, "रंग दाट झाला."

प्रभू वधस्तंभावर असताना खाली शिपाई बसून त्याच्या कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकत होते. रविवारच्या शाळेत ते ऐकताना मला त्यांचा फार राग यायचा. आता वाटते, मी तिथे असतो तर त्यांच्याच शेजारी बसलो असतो, मांडीवर पाटी घेऊन. आणि तो जरा लवकर गेला तर सावली राहून जाईल, अशी काळजी केली असती.

गुरुवार, १२ मार्च

पाडव्याच्या पाट्या. गेलो नाही. न जायला कारण मिळाले म्हणून बरे वाटले. बरे वाटले याचे दिवसभर वाईट वाटले.

मंगळवार, १७ मार्च

दुसरी भाकरी तव्यावर होती आणि उस्तादांना उबळ आली. मनगटे नाड्यांत तशीच. सरूमावशी नळावर गेली होती. मी उठून नाड्या सोडल्या तसे ते माझ्यावरच कोसळले. रक्त आले. माझ्या सदऱ्यावर, बाहीवर, मानेवर. त्यांचे वजन माझ्या रंगाच्या पेटीएवढेसुद्धा नाही. ओठ पुसले, पाणी पाजले, पाठीवरून हात फिरवत बसलो. असा किती वेळ गेला ठाऊक नाही. भाकरी जळून कोळसा झाली.

त्यांना श्वास मिळाल्यावर म्हणाले, "भाकर गेली. ही बाई आता दोघांनाबी टांगते."

घरी आलो तर आई सदरा बघून रडायलाच लागली. सदरा उकळत्या पाण्यात टाकला. बगलेखालची सावली कशी असते ते मला आज दिसले, हेही लिहून ठेवतो.

शनिवार, २१ मार्च

आज काम थोडेच झाले. उस्ताद बोलण्याच्या लहरीत होते.

"शांत्या, आपल्या कबरस्तानात आंब्याखाली जागा हाय अजून?"

मंडळीच्या कबरस्तानात जागा मिळायला पंचांची चिठ्ठी लागते. चिठ्ठी मिळायला वर्षातून एकदा तरी प्रभुभोजन, म्हणजे वेदीपुढची भाकर आणि प्याला, घेतलेले असावे लागते. उस्तादांनी आठ वर्षे घेतलेले नाही. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी सांगितले होते, एक तर त्या बाईला बाप्तिस्मा द्या आणि रीतसर लग्न करा, नाही तर तिला सोडा.

"मी हिला इचारलं," उस्ताद म्हणाले. "ही म्हणली, माझा देव मी पिशोरला टाकून नाय आले, संग आणलाय. आता हिला ढकलायची आन् तिथं जाऊन प्याल्याला तोंड लावायचं? माझ्यानं नाय झालं."

"मग पश्चात्ताप झाला असं नुसतं म्हणा ना, उस्ताद. दोन साक्षीदार लागतात. एक मी होतो."

"कशाचा पश्चात्ताप? हिचा?" ते भिंतीला टेकले. "तू लई भितोस रे. बरं हाय. भिणाऱ्याचा हात सरळ चालतो."

सरूमावशी धान्य निवडत होती. तिने मान वर केली नाही. पण सुपातली चाळवाचाळव थांबली होती.

चिठ्ठी नसेल तर म्युनिसिपालिटीची गाडी येते आणि नाल्यापलीकडे नेते. तिथे खूण ठेवत नाहीत. आणि मरणानंतरचे काय? तारण, म्हणजे आत्म्याचा उद्धार, कशाने होते याचे उत्तर मला धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीतून तोंडपाठ आहे, एक काना इकडचा तिकडे होणार नाही. पण ते उत्तर मी उस्तादांवर ठेवून बघतो तेव्हा ते त्यांना पुरत नाही. उत्तर आखूड आहे की मी ते चुकीचे धरले आहे, हे कुणाला विचारावे कळत नाही.

बुधवार, २५ मार्च

चेहऱ्याची जागा मी शेवटपर्यंत कोरी ठेवली होती. तिथे कॅलेंडरवरचा चेहरा उतरवायचा असे ठरले होते. आज सकाळी चौकडी आखून बसलो. उस्ताद नाड्यांत उभे होते. आता एका भाकरीला दोनदा विसावा घेतात. त्यांची मान उजवीकडे कलंडली होती आणि ते सरूमावशीकडे बघत होते. ती भाकरी फुगण्याची वाट बघत होती. त्यांच्या तोंडावर वेदना होतीच, पण तिच्यातून काहीतरी वेगळेच चालले होते, म्हणजे भाकरी करपू नये अशी काळजी. स्वतःची नाही, तिच्या भाकरीची.

मी कॅलेंडर उलटे करून ठेवले.

पाच भाकऱ्यांत चेहरा झाला. माझ्या हातून असे काम पूर्वी झालेले नाही आणि पुढे होणार नाही. उस्तादांना दाखवले. ते फार वेळ बघत होते. मग सरूमावशीला म्हणाले, "ए, इकडं ये. तुझा माणूस बघ, केवढ्या मोठ्या जागी बसवलाय."

ती आली, बघितले आणि पदर तोंडात कोंबून परत चुलीशी गेली.

संध्याकाळपासून मला थंडी वाजते आहे. ताप नाही, काचेची नळी लावून दोनदा बघितले. माणसाचे तोंड देवाला लावले, हे पाप आहे का? देवानेच ते आधी केले होते, असे एक मन म्हणते. दुसरे मन म्हणते, मास्तर काय म्हणतील?

रविवार, २९ मार्च. झावळ्यांचा रविवार

उपासनेनंतर मास्तर चित्र बघायला शहागंजात आले. हातात झावळीचा क्रूस होता. दारातच थांबले. खाटेवर उस्ताद झोपले होते. मास्तरांनी आधी चित्र बघितले, मग खाट बघितली, मग परत चित्र.

मला बाहेर बोलावून म्हणाले, "शांतवन, हे काम उत्तम आहे. तुझ्यात हे आहे, मला माहीत नव्हतं. पण हा फकिरा आहे."

मी हात पाठीमागे घेतले.

"मला त्याचा राग नाही. अनाथालयात आम्ही एका ताटात जेवलोय. पण मंडळीतली दीडशे माणसं त्याला ओळखतात. दारू पिऊन गटारात पडलेला बघितलाय त्यांनी. शुक्रवारी त्यांनी गुडघे टेकायचे ते कुणापुढे? बायका पोरांना काय सांगतील?"

मी म्हणालो, "मास्तर, उस्ताद फार दिवस नाहीत. त्यांच्या जागेचं…"

मास्तर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "पाळकसाहेब खेड्यांच्या दौऱ्यावर आहेत, शनिवारी येतील. तोवर चिठ्ठी मी देऊ शकतो. नियमात सवलत देण्याचा अधिकार पंचांना आहे. पण दोन्ही नको. त्याचा चेहरा वेदीमागे आणि तोही कबरस्तानात, हे मी मंडळीला पटवू शकत नाही. तू चेहरा बदल. मी चिठ्ठी लिहितो."

हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितले की मी "हो मास्तर" म्हणून गेलो.

सोमवार, ३० मार्च

सांगितले. उस्ताद हसतील असे वाटले होते. आयुष्यभर त्यांनी पाट्या पुसूनच पाट्या रंगवल्या. पण ते हसले नाहीत. खाटेच्या कडेला धरून उठायला बघत होते.

"शांत्या, चेहरा ठेव रे," असे म्हणाले. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "माझं लिहिलेलं सगळं पुसलं. ह्या गावात माझं एक अक्षर उरलं नाय. हे एक राहू दे. मला नाल्यापलीकडं टाका, कुठंबी टाका. मला भ्या वाटायलंय. कुठंतरी असू दे मला."

मी म्हणालो, "ठेवतो, उस्ताद."

सरूमावशीने मला नळापर्यंत गाठले. हंडा खाली ठेवला. "मला काय मागायचा हक नाय. मी त्यांची कोण? पण एवढं ऐक. चित्र देवळात टांगतील, तिथं मला कुणी शिरू देईना. मला जागा पायजे. जाऊन बसाया. चार दगडं तरी. नाल्यापलीकडं मी कुठं हुडकू?"

मी म्हणालो, "चिठ्ठी आणतो, मावशी."

दोघांना दोन वचने दिली. दोन्ही देताना मी खरे बोलत होतो. म्हणजे मी खोटारडा आहे की नाही, हे मला ठरवता येत नाही.

मंगळवार, ३१ मार्च

उस्ताद दुपारी बारा-सव्वाबाराला गेले. मी पोहोचलो तेव्हा सरूमावशी त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. उजवा डोळा पूर्ण मिटत नव्हता.

मी धावत मास्तरांकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा डोळे मिटून प्रार्थना केली. मग विचारले, "चेहरा?"

मी नकारार्थी मान हलवली.

ते माझ्याबरोबर आले. येताना पेटीतले नवे धोतर घेतले, त्यांचे स्वतःचे, कफनासाठी. चिठ्ठी निघतानाच लिहिली होती, त्यांच्या खिशात होती. दारात खुर्ची टाकून बसले. म्हणाले, "ऊन फार आहे. सूर्य मावळायच्या आत नेलं पाहिजे. तू सुरू कर."

खोलीत चित्र भिंतीला टेकलेले आणि त्याच्यासमोर खाट. मला पाठ कुठे करावी कळेना. चित्राकडे तोंड केले तर ते मागून बघतात, आणि समोरूनही तेच बघतात.

मी सफेद्यात गेरू कालवला. थोडा रंग फरशीवर सांडला. मी सरूमावशीला म्हणालो, "मी त्यांना शब्द दिला होता."

"मलाबी दिलता," ती म्हणाली.

मग ती उठली, खाटेशी गेली आणि आपला पदर त्यांच्या तोंडावर पांघरला. त्यांना म्हणाली, "तुमी नका बघू. थोडा वेळ. पोराला काम करू द्या."

पहिला हात कपाळावर मारला. मग डोळे. नाकावरून कुंचला गेला तेव्हा मला माझ्याच तोंडावर ओले लागल्यासारखे वाटले. ओठ शेवटी. जोपर्यंत ओठ होते तोपर्यंत ते काही म्हणतील असे वाटत होते. नंतर नुसता एक गुलाबी गोळा राहिला. बाहेर जाऊन आलो.

मग कॅलेंडर. चौकोन एक, चौकोन दोन. गोरा रंग, विंचरलेली दाढी. मास्तर खुर्चीवरून हळूच म्हणाले, "डोळे जरा निळसर." मी निळे केले. अडीच तासांत झाले. मास्तरांनी खिशातून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. मी दोनदा वाचली. चूक नव्हती. फकिरा मनोहर, मंडळीचे सभासद, असे लिहिले होते.

सरूमावशीने पदर काढून घेतला. उजवा डोळा मिटला होता. उन्हाने असेल.

बुधवार, १ एप्रिल

काल साडेसहाला माती दिली. आंब्यापासून नऊ पावले पूर्वेला. खांदेकरी मी, मास्तर, आणि शहागंजातले दोघे मुसलमान दुकानदार, ज्यांच्या उर्दू पाट्या उस्तादांनी केल्या होत्या. सरूमावशी फाटकाबाहेर थांबली. आत येऊ नको असे कुणी म्हटले नव्हते. ये असेही कुणी म्हटले नाही.

आज दिवसभर काही खाल्ले नाही. दोन पापांपैकी मी लहान निवडले की मोठे? प्रभूने मरताना आपल्या आईला शिष्याच्या हवाली करून तिची सोय लावून दिली होती, हे आठवते आणि थोडा धीर येतो. मग उस्तादांचा "मला भ्या वाटायलंय" हा आवाज आठवतो आणि तो धीर जातो.

शुक्रवार, ३ एप्रिल. उत्तम शुक्रवार

बारा ते तीन. चित्र वेदीमागे लावले. देऊळ भरले होते. वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. दुसरा उद्गार, शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला प्रभू सुखलोकात जागा देतो तो, मास्तरांकडे होता. ते चांगले बोलले. बोलता बोलता एकदा अडखळले, पाणी प्याले आणि पुढचे वाक्य कागदावरून वाचले.

लोक चित्राची स्तुती करत होते. चेहरा किती पवित्र, असे म्हणत होते. मी शेवटच्या बाकावर खाली मान घालून बसलो होतो. मला वाटत होते, आता कुणीतरी उठेल आणि माझ्याकडे बोट दाखवील. कुणी उठले नाही.

तीनला सगळे न बोलता पांगले. तेव्हा दारात सरूमावशी दिसली. तीन तास ती बाहेर पायरीवर बसली होती. चपला हातात घेऊन ती आत आली आणि सरळ चित्रापुढे जाऊन उभी राहिली. मी तिच्यामागे गेलो.

तिने वर चेहऱ्याकडे बघितले. "हे कोण सायब?" तिने विचारले.

मी तिच्या हातातल्या चपला घेतल्या.

मग तिची नजर खाली आली. गळा, खांदे, बरगड्या, पोट. ती हळूहळू गुडघ्यांवर बसली. चित्रातले पाय तिच्या तोंडासमोर होते. डाव्या पायाच्या करंगळीवर तिने बोट ठेवले. "हे शिडीवरून पडले तवा मोडलेलं. वाकडंच बसलं. मी हळद बांधलीती." मग घोटा, मग नडगी. "हे तर सगळं हाय की रे. सगळं हितंच हाय." पदराचे टोक तोंडात ओले करून तिने पावलांवरची धूळ पुसली. धूळ नव्हती. ती मीच रंगवलेली होती.

मास्तरांनी मला फक्त तोंड बदलायला सांगितले होते. बाकीचे मी बदललेच नव्हते. बदलायचे असते हे माझ्या डोक्यातच आले नव्हते.

मास्तर वेदीच्या बाजूच्या खोलीतून बघत होते. त्यांचे डोळे भरले होते. मला खूण करून जवळ बोलावले आणि कुजबुजले, "बघ, शांतवन. परक्या बाईला प्रभूनं कसं पायांशी आणलं. तुझ्या चित्रानं. तिला विचार, बाप्तिस्मा घेते का?"

मी परत गेलो आणि विचारले. दुसरे काय करणार?

तिने पाय सोडले नाहीत. "घेतला तर मला त्यांच्या शेजारी जागा देतील?"

"मावशी, तुझा देव पिशोरचा…"

"त्याचं मी बघते. त्याला सांगते समजावून. तो रागवायचा नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पर परत असं नको, शांत्या. आधी काम आन् मंग चिठ्ठी. मला आता पुसायला काही ऱ्हायलं नाय."

मी मास्तरांच्या खोलीत गेलो. मी म्हणालो, "मास्तर, ती घेते म्हणते. पण आंब्याकडची दहाव्या पावलाची जागा तिच्या नावे लिहून द्या. आधी."

"आज उत्तम शुक्रवार आहे, शांतवन. हे उद्या बघू. तारण असं चिठ्ठीवर मागतात का?"

मी म्हणालो, "मंगळवारी तुम्ही मागितलं होतं."

पाठीमागे गेलेले माझे हात मी पुढे आणले आणि टेबलावर ठेवले. मी म्हणालो, "मी थांबतो."

चार वाजले. सव्वाचार वाजले. मास्तरांनी टेबलाचा खण उघडला, कागद काढला, दौतीचे झाकण फिरवले आणि मला विचारले, "नाव काय तिचं? पूर्ण."